एका खाचेचा संगणक



शाळेच्या कार्यालयात किंवा ओळखीच्या छापखान्यात एखादा जुना संगणक तुम्ही पाहिला असेल. त्याची पेटी पिवळी पडलेली असते. आतला पंखा घरघर करतो. ‘हा अजून भंगारात कसा गेला नाही?’ असा प्रश्न तुम्हांला पडतो. उर्दू शाळांपुरते बोलायचे तर याचे कारण पुष्कळदा एकच असते. ते म्हणजे इनपेज.

इनपेज हा उर्दू मजकूर जुळवण्याचा कार्यक्रम. तो १९९४ साली आला. त्याआधी उर्दूची पाने बहुधा कातिब हाताने लिहीत असत. इनपेजमुळे नस्तालीक लिपी साध्या संगणकावर सुंदर दिसू लागली. मग प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, शाळेचे वार्षिक अंक, सारे त्यातच तयार होऊ लागले. पण जुन्या इनपेजमधील अक्षरे आजच्या युनिकोड पद्धतीची नसतात. ती फाइल दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात उघडली, तर उर्दूऐवजी नुसती खुणांची रांगोळी दिसते. म्हणून जुना संगणक जपावा लागतो. त्याच्या पोटात शाळेची कितीतरी वर्षे असतात.

आता असे समजा, की पावसाळ्यात जवळच वीज पडली. संगणक चालू आहे, पण त्याचा जाळ्याशी संबंध तुटला. कार्यालयातील नव्या संगणकाकडे फाइल जात नाही. पेटी छोटी आहे. नवीन भाग बसवायला आत एकच खाच आहे, आणि तीही रिकामी नाही. अशा वेळी काय करावे, ते पाहू या.

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. जाळे वेगळे आणि इंटरनेट वेगळे. दोन खोल्यांतले दोन संगणक तारेने जोडले, की जाळे झाले. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही. तारेने जोडण्याच्या या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. तिची कल्पना १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. जुन्या काळी शास्त्रज्ञांना वाटे, की प्रकाश ‘ईथर’ नावाच्या अदृश्य पदार्थातून प्रवास करतो. उर्दूत त्यालाच ‘असीर’ म्हणतात. असा पदार्थ काही सापडला नाही, पण त्याचे नाव मात्र तारेला मिळाले.

दुरुस्तीची सुरुवात तारेपासून करा. (‘दुरुस्ती’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. मराठीने तो फारसीतूनच घेतला आहे.) संगणकाच्या मागे जिथे तार बसते, तिथे एक बारीक दिवा असतो. तार लावल्यावर तो लागला, तर विजेचे नाते जुळले. नाही लागला, तर लगेच संगणकाला दोष देऊ नका. तीच तार दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही दिवा लागत नसेल, तर दोष तारेत किंवा पलीकडच्या टोकाला आहे. या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीत त्यांपैकी चारच कामाला येतात : पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. त्यांतली एक तुटली तरी काम बिघडते. उंदीर, दाराची फट आणि खुर्चीचा पाय हे तारेचे तीन मोठे शत्रू. तारेची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी.

तार चांगली आहे, दुसऱ्या संगणकावर दिवा लागतो, आणि आपल्याच संगणकावर लागत नाही, तर त्याचा जाळ्याचा भाग जळाला असे समजायला हरकत नाही. हा भाग मुख्य पटलावरच जडवलेला असतो. तो बदलणे महागात पडते. म्हणून त्याला तसाच सोडून नवा रस्ता काढायचा.

रस्ता पहिला : खाच. पेटी उघडण्याआधी विजेची तार काढा. मग चालू करण्याचे बटण एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. हे काम सरांच्या किंवा जाणत्या माणसाच्या देखत करा.

आत पाहिले, तर त्या एकुलत्या एक खाचेत बहुधा टेलिफोनचा मोडेम बसलेला आढळेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतूनच येत असे. आज त्या मोडेमचा काही उपयोग नाही. तो काढला, की खाच मोकळी झाली! आता तिथे जाळ्याचे कार्ड बसवता येते.

पण बाजारात जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून ठेवा. एक, खाच कोणत्या जातीची आहे. जुनी पीसीआय खाच साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब आणि बहुधा पांढरी असते. नव्या पीसीआय एक्स्प्रेस जातीची सर्वांत लहान खाच जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. जोर लावू नका. दोन, कार्डाला जोडलेल्या लोखंडी पट्टीची उंची. मोठ्या पेटीची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर असते, तर छोट्या पेटीची सुमारे ८. कार्ड बरोबर, पण पट्टी उंच, म्हणून झाकण लागत नाही, असा घोटाळा पुष्कळ जणांचा होतो. काढलेला मोडेमच दुकानात सोबत न्यावा. दुकानदाराला तोंडी समजावण्यापेक्षा ते बरे.

जुन्या बाजारात रिअलटेक ८१३९ या चिपचे पीसीआय कार्ड अजून मिळते. विंडोज एक्सपी त्याला स्वतःच ओळखते, ही त्याची मोठी सोय. नव्या, वेगवान कार्डापेक्षा अशा वेळी हेच जास्त उपयोगी.

रस्ता दुसरा : यूएसबी. खाच नसेलच, किंवा पेटी उघडायची नसेल, तर यूएसबीला लावायचे छोटे ईथरनेट जोडयंत्र मिळते. मात्र यूएसबीचेही वय पाहा. यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, तर २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा ४८० मेगाबिट. १२ मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट. प्रश्नपत्रिकेच्या फाइलीला तेवढे पुरेसे आहे. दुसरी अडचण जरा गमतीची आहे. या यंत्राला चालवणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, लागतो. तो इंटरनेटवर मिळतो, आणि आपल्याकडे तर जाळेच नाही! म्हणून तो आधीच दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. खरेदी करताना खोक्यावर आपल्या विंडोजचे नाव आहे की नाही, तेही वाचावे.

रस्ता तिसरा आहे, पण तो अगदी निरुपाय झाला तरच. फार जुन्या संगणकाला यूएसबीही नसते. त्याला नऊ टाचण्यांचे सिरियल द्वार असते. त्यातून दोन संगणक एका खास उलटसुलट तारेने जोडता येतात. वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक आठ बिटांमागे दोन बिट खुणेचे जातात, म्हणून सेकंदाला ११,५२० अक्षरे पोचतात. एक मेगाबाइटची फाइल न्यायला दीड मिनिट लागते. शंभर मेगाबाइटला किती वेळ लागेल, ते तुम्हीच काढा.

कोणी म्हणेल, “सर, एवढा खटाटोप कशाला? पेन ड्राइव्ह आहे ना!” अगदी खरे आहे. फाइली एकदाच बाहेर काढायच्या असतील, तर पेन ड्राइव्हच घ्या. पण रोज टंकलेखन इथे आणि छपाई तिथे असे काम असेल, तर तीच पेन ड्राइव्ह दहा हातांतून फिरते आणि सोबत व्हायरसही फिरवते.

कार्ड बसले, दिवा लागला. आता संगणकाचा पत्ता पाहा. प्रत्येक संगणकाला जाळ्यात आकड्यांचा पत्ता मिळतो. हा पत्ता बहुधा राउटर नावाची पेटी वाटते. तो १९२.१६८ ने सुरू झाला, तर बहुधा सारे ठीक. तो १६९.२५४ ने सुरू झाला, तर समजा, की संगणकाने पत्ता मागितला, पण कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा बिचाऱ्याने स्वतःच एक पत्ता घेतला. अशा वेळी पुन्हा तार आणि राउटर तपासा.

यानंतर इंटरनेटची पाने उघडतील, अशी आशा धरू नका. कधी कधी दोष तारखेचा असतो. मुख्य पटलावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती संपली, की संगणक आपली तारीख विसरतो आणि वीस वर्षे मागे जातो. सुरक्षित पानांच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तारीख चुकीची असली, की संगणक ते प्रमाणपत्र मान्य करत नाही. बॅटरी बदलली, की हा दोष जातो. पण एक्सपीसोबत आलेल्या जुन्या ब्राउझरला आजची गुप्त भाषाच येत नाही. शिवाय एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली. त्यामुळे असा संगणक इंटरनेटवर सोडूच नये. बँकेचे काम किंवा पासवर्ड तर त्यावर मुळीच नको. राउटरमध्ये त्याचे इंटरनेट बंद करता येते.

मग फाइल न्यायची कशी? एक्सपीची फाइल वाटून घेण्याची जुनी पद्धत विंडोज १० मध्ये २०१७ पासून आपोआप सुरू होत नाही. काही लोक ती मुद्दाम चालू करतात. तसे करू नका. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने याच पद्धतीतील उणीव शोधून जगभरातले संगणक बंद पाडले होते. त्याऐवजी एफटीपी वापरा. नव्या संगणकावर, किंवा अँड्रॉइड फोनवरसुद्धा, एफटीपीचा छोटा कार्यक्रम चालू करता येतो. तो एक पत्ता दाखवतो. तो पत्ता एक्सपीच्या खिडकीत लिहिला, की समोर फोल्डर उघडतो. फाइल त्यात ओढून टाकायची. काम झाले, की एफटीपी बंद करायचे.

नवीन संगणकावर इनपेजची नवी आवृत्ती असेल, तर ती फाइल तिथे लगेच उघडून पाहा. हम्झा, जेर, जबर जागच्या जागी आहेत का, ते एखाद्या पानावर बारकाईने तपासा. तोपर्यंत जुन्या संगणकातली मूळ फाइल पुसू नका.