बिदरची सनद, बावन्न हक्क आणि आजचा सात-बारा

दिंडोशीच्या ईशान्येस डोंगरांची जी रांग दिसते तिच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील भिक्षुसंघाला मिळालेली दाने शिलालेखांतून नोंदलेली असून त्यांत 'अखयनिवि' हा प्राकृत शब्द वारंवार येतो. संस्कृतात अक्षयनीवि. मूळ रक्कम कधीही मोडावयाची नाही, तिच्या केवळ व्याजातून ठरलेला खर्च करावयाचा, असा त्याचा अर्थ. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक शिलाहार कपर्दी हा कोकणावर राज्य करीत असताना गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने कान्हेरीच्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी १०० द्रम्म याच रीतीने दिले. त्याहून कितीतरी जुना, नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबासह आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण 'चीवरिक' म्हणून द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला व फलकावर नोंदविला गेला, हेही लेखात सांगितले आहे.

या दानलेखांची एक बाजू आम्हांस महत्त्वाची वाटते. कागद म्हणा, ताम्रपट म्हणा वा शिळा म्हणा, कोणताही हक्कलेख कोणाला तरी बांधून घेतो. कान्हेरी आणि नाशिक येथे बांधली जाते ती पैसा स्वीकारणारी श्रेणी. ज्याला चीवर मिळावयाचे तो भिक्षू त्या बदल्यात कोणाचाही चाकर होत नाही. वर्षावास संपला की तो वाटेला लागतो. महाराष्ट्रात मध्ययुगात दुसऱ्या एका प्रकारच्या हक्कलेखाची कीर्ती झाली. त्यात ज्याला हक्क मिळाले तोच पिढ्यान्‌पिढ्या बांधला गेला. तो लेख म्हणजे बिदरच्या बादशहाने महारांना दिली असे सांगितले जाते ती बावन्न हक्कांची सनद. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी या सनदेचे नाव अभिमानाने घेतलेले असेल. तिचा अंमल आजच्या कायद्यात कोठवर पोहोचला आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. सनदेची कथा याच दरबाराशी जोडलेली आहे. अमृतनाक नावाच्या शूर महाराने बादशहाची बेगम संकटातून सोडवून आणली. निघण्यापूर्वी त्याने एक बंद डबी बादशहाच्या स्वाधीन केली होती. परतल्यावर दरबारात त्याच्या शीलाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा त्याने ती डबी उघडावयास लावली. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचे पुरुषत्व नष्ट केल्याचा पुरावा तीत होता. बादशहाने हवे ते माग म्हटल्यावर त्याने स्वतःसाठी काही न मागता आपल्या जातभाईंसाठी बावन्न हक्क मागितले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही बिदरच्याच दरबारात जाते आणि तिथेही बादशहाच्या खजिन्यात रकमेचा भरणा करणारा विठू महारच आहे. दोन्ही कथांत महाराच्या इमानाची परीक्षा राजाच्या ठेव्यावर होते.

अमृतनाकाची कथा आम्ही नीट वाचली पाहिजे. ज्या पुरुषाने स्वतःचा वंश खुंटविला त्याने वंशपरंपरेचे हक्क मागितले, असे ती सांगते. हक्क हा इमानाच्या मोबदल्यात मिळालेला आहे, माणूस म्हणून मिळालेला नाही, हे तिचे गृहीत आहे. ती रचणाऱ्यांनी स्वसमाजाच्या मानासाठीच रचली असेल, यात आम्हांस शंका नाही; पण मानाची किंमत केवढी सांगितली आहे, हेही पाहावे.

सनदेच्या ज्या नकला आणि याद्या फिरत आल्या त्यांत मेळ नाही. बावन्न हा आकडाही मोजून आलेला दिसत नाही. बावन्नकशी सोने, बावन्न वीर, तसे बावन्न हक्क. मराठीत हा आकडा पूर्णतेचा बोध करून देतो. याद्यांतील बाबी मात्र खऱ्या गावगाड्यातील आहेत. शेतातील पेंढ्यांचा वाटा, खळ्यावरील मातेरे, पेवाच्या तळाशी राहिलेले धान्य, घरोघरची भाकर, मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरील वस्त्र, लग्नातील व सणावारांतील मानाच्या बाबी आणि हाडकी-हाडोळ्याची जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुत्याची ही व्यवस्था महसुली अंमलदाराच्या नजरेने वर्णिली आहे. हक्कांच्या समोर कामांची यादी ठेवली म्हणजे चित्र पुरे होते. वेशीची राखण, शिवेची साक्ष, चावडीवर लोकांना बोलावणे, सरकारी वसूल तालुक्यास पोहोचविणे, परगावी मयताची वर्दी देणे, सरणाची लाकडे, मेलेले ढोर ओढणे, आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे. हक्क बावन्न मोजले गेले, कामे कोणी मोजली नाहीत.

इंग्लंडचा राजा जॉन याने १२१५ साली सरदारांना दिलेला मॅग्ना कार्टा हा जगात सर्वांत गाजलेला मध्ययुगीन हक्कलेख. तोही मुळात सामान्य जनतेसाठी नव्हता. परंतु त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाने राजाचा हात बांधला. देशाच्या कायद्यावाचून वा समकक्षांच्या निवाड्यावाचून स्वतंत्र मनुष्यास कैद करता येणार नाही, असे त्याने ठरविले आणि सतराव्या शतकात कोकसारख्या न्यायपंडितांनी त्यातून सर्व प्रजेचा हक्क वाचला. बिदरच्या सनदेला असा कोक मिळणे शक्य नव्हते. तिने बादशहाचा हात बांधला नाही, पाटलाचाही नाही.

इंग्रजी अंमलात या परंपरेचे कायद्यात रूपांतर झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांची व सनदांची छाननी करण्याचे अधिकार मिळाले. १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला वतन कायदा, आला. (बिदर ज्या निजामाच्या मुलखात होते तेथे तो लागू नव्हता. सनदेची छाया कायदा होऊन पडली ती पश्चिम महाराष्ट्रावर व कोकणावर.) सनदेतील मानाच्या बाबी या कायद्याने रूढीवर सोडल्या. नोकरी मात्र पक्की केली. वतनाची जमीन वतनदाराच्या कुटुंबाबाहेर जाऊ नये व वतनदाराने सेवा करावी, हा त्याचा गाभा. पाटील-कुलकर्ण्यांना तोच कायदा होता. पण महारांचे वतन गावातील सर्व महार कुटुंबांचे सामाईक, पाळीपाळीने येसकरकी करण्याचे. पिढी वाढली की जमिनीचे तुकडे पडत, काम तेवढेच राही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'तून 'महार आणि त्यांचे वतन' या विषयावर लेख लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. त्यांचा युक्तिवाद कायदेपंडिताचा होता. महार हा सरकारी नोकर आहे, पण त्याचा पगार सरकार देत नाही, रयतेने द्यावयाचा आहे. त्याचे काम कोणते हे कोठेही ठरलेले नाही. कोणत्याही खात्याने केव्हाही त्याला राबवावे. तो हजर नसेल तर त्याच्या घरच्या माणसाने जावे. म्हणून बलुत्याचे पैशांत रूपांतर करून ते शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावे, ज्यांची इच्छा असेल त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन रयतावा करून घ्यावी व सेवेतून मोकळे व्हावे, आणि कामे ठरवून द्यावीत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन रद्द करून असे पाऊल टाकले होते. तरीही बिलास कौन्सिलात विरोध झाला आणि १९२९ साली त्यांना ते मागे घ्यावे लागले. वतनाचा अभिमान असलेले आपलेही लोक थोडे नव्हते. पुढे सरकारने वतन जमिनींवरील जुडी वाढविली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदार महार, मांग व वेठिया यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली.

येथे पालीतील एक शब्द आठवतो. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात दास्यातून सुटलेल्या माणसाला 'भुजिस्स' म्हटले आहे. दास कोण, तर जो स्वाधीन नाही, पराधीन आहे आणि इच्छेप्रमाणे कोठे जाऊ शकत नाही. भुजिस्स त्याच्या उलट. या व्याख्येत मजुरीचा, जमिनीचा, मानाचा उल्लेखच नाही. कसोटी आहे ती जाण्याच्या स्वातंत्र्याची. येसकराच्या पाळीचा महार वेस सोडून जाऊ शकत नव्हता. बाबासाहेबांच्या बिलाचा रोख नेमका याच ठिकाणी होता. हक्क सोडा असे ते म्हणत नव्हते. हक्क आणि चाकरी यांची गाठ सोडवा, असे म्हणत होते.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर सनदेची जुनी वहिवाटही तेवढ्यापुरती शून्य. जुनेपणाचा दावा त्याआधीच एकदा उघडा पडला होता. महाडच्या चवदार तळ्यावर अनादी वहिवाटीचा हक्क सांगणाऱ्यांना ती वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ठरविले होते. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस बंदी केली. सरकारी नोकरीत वंशाच्या कारणाने भेद करण्यास अनुच्छेद १६ ने मनाई केली, आणि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये आंध्र प्रदेशातील गजुला दशरथ रामराव यांच्या खटल्यात गावच्या मुन्सफाचे पद वंशपरंपरेने देण्याची तरतूद रद्द ठरविली.

परंतु महार वतन घटनेनंतरही आणखी नऊ वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिले. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. आमच्या साष्टी बेटातील जी गावे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात धनिकांना कौलाने मिळाली होती त्यांची सारामाफी १९५१ च्या स्वतंत्र कायद्याने संपली. महार, रामोशी आदींच्या वतनांसाठी १९५८ चा मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. त्याने वतन नष्ट झाले, सेवा नष्ट झाली, जमिनी सरकारजमा झाल्या आणि पूर्ण आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास त्या पुन्हा देण्याचे ठरले. ज्याने मुदतीत ती भरली नाही त्याचा कब्जा अनधिकृत. आणि पुन्हा दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय व सरकार ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय हस्तांतरित करता येणार नाही, तिची सरस-निरस वाटणीही करता येणार नाही.

सनदेचा अंश आज जिवंत आहे तो या शेवटच्या वाक्यात. सात-बाराच्या उताऱ्यावर 'महार वतन', 'नवीन व अविभाज्य शर्त' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असे जे शब्द दिसतात त्यांचा उगम येथे आहे. या बंधनाचे दोन परिणाम झाले, असे आमचे मत आहे. त्यामुळे पुष्कळ जमीन पहिल्या झपाट्यात सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचली. त्याच बंधनामुळे तिच्यावर कर्ज काढणे, ती उघडपणे आणि वाजवी भावाने विकणे वारसांना अवघड झाले, आणि कुलमुखत्यारपत्रे व साठेखते यांच्या आडून कवडीमोल व्यवहार करणाऱ्यांचे फावले. शहराजवळच्या गावांत तर वारसांना पत्ताही लागला नाही. केवळ बंधन उठविले म्हणजे प्रश्न सुटेल, हे म्हणणे आम्हांस पटत नाही. वारसांची नोंद पुरी नसताना बंधन उठले तर जो आधी कागद करील त्याचीच जमीन होईल.

दिंडोशी, मालाड, कुरारच्या वस्त्यांत सातारा, नाशिक, रत्नागिरीहून आलेली जी कुटुंबे आहेत त्यांपैकी अनेकांचे नाव, किंवा आजोबांचे नाव, अशा एखाद्या गटात दहा-वीस हिस्सेदारांबरोबर असते. त्यांनी चालू सात-बारावर थांबू नये. १ ऑगस्ट १९५९ नंतरचा पुनर्प्रदानाचा आदेश, कब्जेहक्काची रक्कम भरल्याचे चलन आणि गाव नमुना सहामध्ये त्यावरून पडलेला फेरफार, हे तीन कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेखातून नकलेचा अर्ज करून मागावेत. फेरफारात गावातील एकाच कर्त्याचे नाव लागले असेल, तर इतर भावकीच्या वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे वेगळा द्यावा लागतो.