प्लेगची लस आणि सशांवरील प्रयोग

प्लेगची पहिली परिणामकारक लस मुंबईत तयार झाली. वाल्देमार मोर्डेकाय हाफकिन यांनी ती १८९६ च्या अखेरीस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केली. माणसाला टोचण्यापूर्वी तिची परीक्षा सशांवर झाली. पुढे परळला स्थलांतरित झालेली त्यांची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. या लेखात त्या प्रयोगांची आणि वैद्यक व पशुवैद्यक या दोन्ही शाखांत सशाचा जो उपयोग झाला त्याची माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. गोदी आणि धान्याच्या वखारींजवळचा हा भाग दाट वस्तीचा होता. तेथून साथ शहरभर पसरली आणि लोक मोठ्या संख्येने मुंबई सोडून जाऊ लागले. हाफकिन त्या वेळी कलकत्त्यात पटकीच्या लसीचे काम करीत होते. सरकारने बोलावल्यावरून ते ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले.

त्यांची कार्यपद्धती आधीच ठरलेली होती. १८९२ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस त्यांनी प्रथम गिनिपिग, ससे व कबुतरे यांना आणि त्यानंतर स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईतही त्यांनी हाच क्रम पाळला. फरक एवढाच की येथे प्रयोगशाळेच्या भिंतीबाहेर साथ चालू होती.

भायखळ्यातील प्रयोग

कॉलेजात त्यांना मिळालेली जागा अपुरी होती आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई एवढीच माणसे होती. लसीसाठी जंतू फार मोठ्या प्रमाणात वाढवावे लागत. मांसरसाच्या चंबूत वर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले, की त्या थेंबांच्या खालच्या बाजूला जंतूंची वाढ गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी दिसे. काही दिवसांनी चंबू हलवला की ते सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे तयार होत. कित्येक आठवड्यांच्या वाढीनंतर द्रव तापवून जंतू मारले जात आणि तो टिकावा म्हणून त्यात कार्बोलिक आम्ल घालत. लसीत अशा रीतीने मेलेले जंतू आणि त्यांनी द्रवात सोडलेली विषद्रव्ये असे दोन्ही असे.

हा द्रव टोचलेल्या सशांना काही दिवसांनी जिवंत, रोगकारक प्लेगजंतू देण्यात आले. डिसेंबर १८९६ पर्यंत असे ससे रोगापासून वाचतात हे दिसून आले. मेलेल्या जंतूंनी प्लेगविरुद्ध संरक्षण मिळू शकते, याचा हा निर्णायक पुरावा होता.

सशांनी न दिलेली उत्तरे

या प्रयोगाने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला. माणसासाठी मात्रा किती, ताप किती चढेल, संरक्षण किती काळ टिकेल, यांपैकी कशाचेही उत्तर सशाकडून मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. प्रौढांसाठी नंतर ठरलेल्या मात्रेपेक्षा ती कितीतरी पट अधिक होती. त्यांना ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या. काही दिवसांत ते बरे झाले. सुरक्षिततेचा हा पुरावा होता, परिणामकारकतेचा नव्हे. एका निरोगी माणसाला प्लेग झाला नाही, यावरून लसीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तो पुरावा त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात मिळाला. तेथे प्लेग शिरला होता. पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. राहणे, खाणे आणि संसर्गाचा धोका दोन्ही गटांना सारखाच असल्याने तुलनेला अर्थ होता. लस न घेतलेल्यांत रुग्ण व मृत्यू स्पष्टपणे अधिक आढळले. बंदिवासातील माणसाची संमती कितपत मोकळी मानावी, हा प्रश्न मात्र आजचा वाचक विचारल्याशिवाय राहणार नाही.

लसीचे संरक्षण पूर्ण नव्हते आणि ते काही महिन्यांतच ओसरत असे. फुप्फुसांच्या प्लेगवर तिचा भरवसा धरता येत नसे. त्यातच घरझडत्या व सक्तीच्या विलगीकरणामुळे सरकारच्या प्रत्येक उपायाविषयी लोकांत संशय होता. तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली, त्याचा त्या वातावरणात उपयोग झाला.

परळची प्रयोगशाळा

१८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. १९०६ साली तिचे नाव मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा झाले आणि १९२५ साली हाफकिन संस्था.

प्राण्यावर यशस्वी झालेली लस प्रत्येक बाटलीत निर्धोक असेलच असे नाही, हे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी कळून आले. एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले.

प्लेगच्या कामात सशाचे महत्त्व पुढे कमी झाले. ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतील प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग सोडून त्यांच्या अंगावर पिसवा गोळा केल्या. उंदरावरील पिसू रोग पसरवते हे सिद्ध होण्यास त्याची मदत झाली. साहिबसिंग सोखी यांनी १९३० च्या दशकात परळला लसीची शक्ती मोजण्यासाठी पांढरे उंदीर वापरले. उंदीर लहान व स्वस्त असल्याने एकाच वेळी अनेकांवर चाचणी घेता येते आणि निष्कर्ष आकड्यांत मांडता येतो.

सशाच्या शरीरात बदललेले विषाणू

सशाचा दुसरा उपयोग लस घडवण्यासाठी झाला. लुई पाश्चर यांनी पिसाळी रोगाचा विषाणू एका सशाच्या मेंदूतून दुसऱ्यात असा वारंवार नेला, तेव्हा रोग दिसण्यास लागणारा काळ कमी होत जाऊन स्थिरावला. अशा सशांचा मज्जारज्जू वाळवून केलेली लस त्यांनी १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला दिली. भारतात कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी अशाच स्थिर विषाणूपासून कार्बोलिक आम्लाने निष्क्रिय केलेली लस बनवली. तिच्यासाठी पुढे मेंढ्यांचे मेंदू वापरले जाऊ लागले. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ म्हणून मराठी माणसाच्या स्मरणात असलेली लस ती हीच. तिच्यातील मज्जाऊतीमुळे काही जणांना पक्षाघात होत असे. २००४ च्या अखेरीपासून भारतात तिचे उत्पादन बंद झाले.

पशुवैद्यकात असेच उदाहरण बुळकांडीचे आहे. जुंजी नाकामुरा यांनी १९३० च्या दशकात कोरियात तिचा विषाणू सशांतून वारंवार नेला. त्यामुळे गुरांसाठी तो सौम्य झाला, तरी प्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा गुण त्याच्यात राहिला. भारतात मुख्यतः बकऱ्यांतून नेलेला विषाणू वापरला जात असे. संकरित गुरांना तो सोसत नसल्याने त्यांच्यासाठी सशांतून नेलेली लस उपयोगी पडली. २०११ साली जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

ज्वरकारक चाचणी व पर्याय

शिरेतून द्यायच्या औषधात जंतू मेलेले असले, तरी त्यांच्या आवरणातील अंतर्विषाने रुग्णाला थंडीताप भरू शकतो. ते ओळखण्यासाठी औषध सशाच्या कानाच्या शिरेत देऊन काही तास त्याचे तापमान मोजत. अंतर्विषाला सशाचे शरीर जवळजवळ माणसाइतक्याच मात्रेला प्रतिसाद देते आणि कानाची शीर सहज सापडते, म्हणून हा प्राणी निवडला गेला. नालखुरी खेकड्याच्या रक्तपेशींपासून केलेल्या चाचणीने आणि अलीकडे मानवी रक्तपेशींवरील चाचणीने तिची जागा बरीच घेतली आहे. युरोपीय औषधकोशाने सशांवरील चाचणी वगळण्याचा निर्णय घेतला आहे.

भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार चालतात. संस्थेची नोंदणी आणि प्रत्येक प्रयोगाला नैतिक समितीची मंजुरी आवश्यक असते. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पेशी व संगणकीय प्रतिमानांवर आधारित पद्धतींनाही मान्यता मिळाली आहे.