सरपण
सरपण : चुलीत जाळावयाची वाळलेली लाकडे, फांद्या व काटक्या. मावळ तालुक्यातील (जि. पुणे) लोणावळ्यानजीकच्या कुरवंडे गावासारख्या सह्याद्रीमाथ्यावरील अतिपर्जन्याच्या गावांत चूल हे स्वयंपाकाबरोबरच घर उबदार व कोरडे राखण्याचेही पारंपरिक साधन होय, त्यासाठी सरपण पावसाळ्यापूर्वी साठविले जाते. सरपणामुळे वने नष्ट होतात, हे मत १९७० नंतरच्या दशकात जगभर प्रबळ झाले. पुढील संशोधनात मात्र ग्रामीण कुटुंबे मुख्यत्वे वाळलेल्या फांद्या वेचतात आणि वनांच्या ऱ्हासास शेतीविस्तार व व्यापारी तोड अधिक कारणीभूत असतात, असे आढळले. जितके लाकूड जळते तितके पुन्हा वाढत असल्यासच हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचा समतोल राहतो. अपूर्ण ज्वलनातून निघणारे कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण आरोग्यास घातक असून त्यांची झळ चुलीपाशी वावरणाऱ्या स्त्रिया व बालके यांना सर्वाधिक पोहोचते. लाकूड ओले असल्यास धूर वाढतो व उष्णता घटते. शासनाने १९८० नंतर सुधारित चुलींचा प्रसार केला व २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेद्वारे गॅसजोडण्या देण्यास आरंभ केला. तथापि गॅसच्या शेगडीवर अन्न शिजले, तरी घरास ऊब मिळत नाही. ही गरज विचारात न घेतल्यास गॅस आलेल्या घरातही चूल व धूर कायम राहतात.