सीसाबाध : डोकेदुखीचे प्रकार आणि औषधाविना उपचार

पालि तिपिटकात डोकेदुखीचे उल्लेख अनेक स्थळी विखुरलेले आहेत. अंगुत्तरनिकायातील गिरिमानंद सुत्तात शरीराला जडणाऱ्या व्याधींची जी दीर्घ यादी येते, तीत 'सीसरोग' आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिन्दवच्छ स्थविरांना 'सीसाभिताप' होत असे, असे सांगितले आहे. साकेतच्या श्रेष्ठीची पत्नी तर सात वर्षे 'सीसाबाधा'ने पीडित होती व जीवकाने तिला बरे केले. वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना ही स्थळे परिचित आहेत. परंतु प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे स्थळ संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तातील सीवक सुत्त हे आहे.

मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंत हे मत अमान्य करतात. पित्त, कफ, वात, या तिहींचा संयोग, ऋतुबदल, 'विसमपरिहार' आणि बाह्य आघात ही वेदनेची कारणे ते क्रमाने सांगतात. आठवे कारण म्हणून कम्मविपाकाचाही निर्देश आहे, हे झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही. पण सर्वच वेदनांचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक प्रत्यक्ष जाणता येणाऱ्या गोष्टीचे उल्लंघन करतात, असा त्या उत्तराचा रोख आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची जी चिकित्सा केली, ती वाचलेल्या वाचकाला हा रोख नवा वाटणार नाही. 'विसमपरिहार' म्हणजे देहाची विषम, अनियमित निगा : अवेळी झोप, अवेळी जेवण, अतिश्रम. डोकेदुखीच्या औषधाविना उपचारांचा मोठा भाग या एका शब्दात सामावलेला आहे.

आपल्या वस्त्यांतून आज चित्र काय दिसते? डोके दुखू लागले की दुकानातून गोळी आणली जाते. दुखणे हटेनासे झाले की अजूनही काही घरी 'बाहेरचे' म्हणून उतारा होतो. अलीकडे तिसरा सल्ला ऐकू येऊ लागला आहे : ध्यानाला बसा, सर्व बरे होईल. तिन्ही सल्ल्यांत दोष एकच आहे. डोकेदुखी कोणत्या प्रकारची, हे कोणी विचारत नाही.

आंतरराष्ट्रीय शिरःशूल संघटनेने १९८८ साली प्रथम डोकेदुखीचे पद्धतशीर वर्गीकरण केले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. त्यातील मूळ भेद साधा आहे. काही डोकेदुखी स्वतःच आजार असते. तणावजन्य डोकेदुखी, अर्धशिशी व 'क्लस्टर' हे तिचे मुख्य प्रकार. दुसरी डोकेदुखी अन्य आजाराचे लक्षण असते. या दुसऱ्या वर्गावर घरगुती उपाय करीत बसणे धोक्याचे आहे. एकाएकी, क्षणार्धात उद्भवलेली अतितीव्र वेदना. ताप व मान ताठणे. एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, वाचा अडखळणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले व दृष्टी अंधुक करणारे दुखणे : यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. जीवकाने साकेतच्या स्त्रीला नाकावाटे औषधी तूप दिले, पण राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून शस्त्रक्रिया केली. दोघांचेही दुखणे सात वर्षांचे आणि डोक्याचेच होते. उपचार मात्र निराळे झाले. कथेतील तपशिलाच्या ऐतिहासिकतेविषयी वाद घालता येईल; दोन डोकेदुख्या एक नव्हेत, ही जाण मात्र कथाकाराला निश्चित आहे.

सर्वांत जास्त आढळते ती तणावजन्य डोकेदुखी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दाबल्यासारखे, पट्टा आवळल्यासारखे वाटते. काम करता येते, उलटी होत नाही. मज्झिमनिकायाच्या महासच्चक सुत्तात बोधिसत्त्वाच्या कठोर साधनेचे जे वर्णन आहे, त्यात नेमकी हीच उपमा आली आहे : बलवान पुरुषाने चामड्याच्या घट्ट पट्ट्याने डोके आवळावे, तशी वेदना. तीपूर्वीचा क्रमही लक्षणीय आहे. बोधिसत्त्व प्रथम दातांवर दात दाबून, जीभ टाळूला भिडवून चित्ताला बळाने आवरू पाहतात. नंतर श्वास कोंडतात. पुढे मस्तकशूळ उठतो. अडीच हजार वर्षांनंतर या वर्णनावरून रोगनिदान करण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तथापि जबडा आवळणे, खांदे उचलून धरणे, श्वास रोखणे या सवयी असणाऱ्यांचे डोके वारंवार दुखते, हे आजचे चिकित्सकही पाहतात. विहारात ताठरून, कपाळाला आठ्या घालून ध्यानाला बसणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे. त्या मार्गाने काही साधले नाही म्हणूनच तो सोडण्यात आला.

या प्रकारावर औषधाविना उपाय चांगला लागू पडतो. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेली शिथिलीकरणाची पद्धत आजही शिकविली जाते. एकेक स्नायुसमूह आवळायचा, मग सैल सोडायचा, आणि दोन्ही अवस्थांतील फरक ध्यानात घ्यायचा. मूठ, बाहू, खांदे, कपाळ, जबडा, मान असे क्रमाने करीत गेल्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात. खर्च काही नाही. मात्र दुखू लागल्यावर एकदा करून भागत नाही. न दुखण्याच्या दिवसांतही नित्य करावे लागते, आणि फळ दिसायला काही आठवडे जातात. मान पुढे काढून शिलाईयंत्रावर, संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर तासन्‌तास वाकणाऱ्यांचे दुखणे पुष्कळदा मानेतूनच निघते. त्यांनी भौतिकोपचारतज्ज्ञाकडून मानेचे व्यायाम शिकून घ्यावेत. मानेला झटके देऊन 'हाड बसविणाऱ्यां'कडे मात्र जाऊ नये. त्यात मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा निराळा आजार आहे. दुखणे बहुधा एका बाजूला, ठणकणारे, चालण्या-वाकण्याने वाढणारे, मळमळ किंवा उलटी, प्रकाश व आवाज असह्य होणे, आणि उपचार न केल्यास चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकणे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने कर्नाटकात झालेल्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश प्रौढांना वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांत तो अधिक. पडदे ओढून अंधारात पडून राहणारी सून 'सोंग करते' असे म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

अर्धशिशीचा मेंदू बदल सहन करीत नाही, असे स्थूलपणे म्हणता येईल. म्हणून झोपेची व उठण्याची वेळ, जेवणाची वेळ, चहाचे प्रमाण ही रोज सारखी ठेवणे हाच पहिला उपचार. कोणाला ऊन, कोणाला जागरण, कोणाला मासिक पाळीचे दिवस त्रास देतात. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. डोक्यावरून अंघोळ केल्याने, केस धुतल्याने त्यांची अर्धशिशी उठत असे. आपल्या आयाबहिणींना हे ठाऊकच होते, वैद्यकाने ते नोंदविले एवढेच. कारण शोधण्यासाठी महिना-दोन महिने वहीत नोंद ठेवावी : दुखण्याची तारीख, वेळ, आदल्या दिवसाची झोप, जेवण, पाळी, आणि घेतलेल्या गोळ्या.

येथे उपोसथाचा विषय काढणे भाग आहे. पौर्णिमेला अष्टशील घेणाऱ्या ज्या उपासिकांना अर्धशिशी आहे, त्यांचे डोके दुपारनंतरच्या निराहाराने संध्याकाळी दुखू लागणे स्वाभाविक आहे. दुखणे सोसणे हा शीलाचा भाग नव्हे. तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच भेषज्ये आजारी भिक्खूंना काळी आणि विकाळीही घेण्याची अनुज्ञा महावग्गातच आहे. भिक्खूंना जी सवलत मिळाली ती गृहस्थ उपासिकेने स्वतःला नाकारू नये. मध्यान्हापूर्वी पोटभर जेवावे, दिवसभर पाणी प्यावे, आणि दुपारनंतर गुळाचे पाणी निःसंकोच घ्यावे.

व्यायामाविषयी स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. ९१ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटे व्यायाम केला, दुसऱ्याने शिथिलीकरण, तिसऱ्याने अर्धशिशी टाळण्याचे टोपिरामेट हे औषध घेतले. झटके कमी होण्याच्या बाबतीत तिन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. दुष्परिणाम फक्त औषध घेणाऱ्यांत दिसले. प्रयोग लहान आहे, पण नित्य भरभर चालणे कोणालाही परवडते. सुया टोचण्याच्या चिनी पद्धतीविषयी २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या व सुमारे पाच हजार रुग्ण विचारात घेतले गेले. झटके कमी होतात, पण खोट्या सुया टोचल्यानेही बऱ्याच अंशी होतात. खऱ्या सुयांचा वरचा लाभ थोडा. गाव सोडून त्यासाठी पैसे खर्चावेत असे मला वाटत नाही.

आता ध्यान. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना-परंपरेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत. ते येथे बाजूला ठेवू. ब्रह्मदेशात व्यापार करीत असताना त्यांना तीव्र अर्धशिशी होती, मॉर्फिनची टोचणी घ्यावी लागे आणि परदेशी वैद्यांकडूनही गुण आला नव्हता, हे सर्वश्रुत आहे. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ही कथा सांगताना पुढचा भाग पुष्कळदा गाळला जातो. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलेल्या गोएंकांना ऊ बा खिन यांनी प्रथम नकार दिला. शरीराचा रोग घालविण्यासाठी ही साधना नाही, तो हेतू सोडून या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे गोएंकांना आराम पडला. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा काय सांगतो? अमेरिकेत अर्धशिशीच्या ८९ रुग्णांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना आठ आठवडे स्मृतिसाधना शिकविली, अर्ध्यांना डोकेदुखीविषयी केवळ शास्त्रीय माहिती दिली. महिन्यातील दुखण्याचे दिवस दोन्ही गटांत कमी झाले : पहिल्यात सरासरी १.६, दुसऱ्यात २.० दिवसांनी. म्हणजे या बाबतीत ध्यान सरस ठरले नाही. परंतु दुखण्यामुळे अडणारी कामे, खिन्नता, 'आता माझे काही खरे नाही' हा धसका, या सर्व बाबतींत ध्यानगट पुढे होता. वेदनासंयुत्तातील सल्लत्थ सुत्त जाणणाऱ्याला याचे नवल वाटू नये. अशिक्षित पृथग्जनाला दोन बाण लागतात, एक देहाचा व एक मनाचा. शिकलेल्या श्रावकाला एकच. पहिला बाण चुकतो, असे सुत्त म्हणत नाही. म्हणून ध्यान शिकविणाऱ्या आचार्यांनी व कार्यकर्त्यांनी रुग्णाला औषध बंद करण्यास कदापि सांगू नये.

क्लस्टर डोकेदुखी विरळा, पण भयंकर. एका डोळ्याभोवती पाऊण-एक तास, कधी तीन तासांपर्यंत, असह्य शूळ. डोळा लाल, पाणी वाहते, आणि रुग्ण अस्वस्थपणे येरझारा घालतो. येथे शिथिलीकरण वा ध्यान उपयोगी नाही. मुखवट्यातून मोठ्या प्रमाणात शुद्ध प्राणवायू दिल्याने पुष्कळांना पंधरा मिनिटांत उतार पडतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा. झटक्यांच्या काळात मद्याचा एक घोटही झटका आणू शकतो.

शेवटी गोळ्यांचे दुष्टचक्र. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा कॅफिनमिश्रित व तत्सम संयुक्त गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास ती गोळीच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनू शकते. सकाळी उठल्या उठल्या गोळी घेऊन कामावर निघणाऱ्या कित्येक स्त्रियांचे दुखणे या जातीचे असते, आणि त्यांना ते कोणी सांगितलेले नसते. गोळी थांबविली की पहिले काही दिवस, क्वचित आठवडाभराहून अधिक, दुखणे वाढते. तेवढ्यात बहुतेकजण पुन्हा गोळीकडे वळतात. म्हणून हे डॉक्टरांना आधी सांगून, कामाचा ताण कमी असेल असे दिवस निवडून करावे. घरच्यांनी त्या दिवसांत स्वयंपाकपाण्याचा भार उचलावा. ज्यांच्या गोळ्यांत अफूवर्गीय किंवा झोपेचे औषध आहे, त्यांनी ती एकाएकी बंद करू नये; डॉक्टर सांगतील त्या क्रमाने मात्रा उतरवीत न्यावी.