मध्यस्थ आणि मालक

कोल्हापुरात पीर मशिदीपेक्षा तालमीत जास्त भेटतात. बाबूजमाल, शहाजमाल, अवचितपीर, काळाइमाम ही नावं घेतली की जुन्या कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आधी लाल मातीचे आखाडे आणि पेठांमधली मंडळं येतात, साधुपुरुष नंतर. मोहरम सुरू झाला की यातल्या अनेक ठिकाणी पंजे बसतात. उदाचा धूर होतो, मलिदा आणि चोंगे येतात, फातिहा दिला जातो आणि नवस बोलले जातात. नवस बोलणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी असते. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा काही तालमींत गणपती आणि पंजा एकाच छताखाली होते. कुरुंदवाडला तर गणपती मशिदीत बसतो, आणि त्याचं गावाला काही विशेष वाटत नाही.

या सगळ्यावर ‘सलोख्याची परंपरा’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि बहुतेक जण तसंच करतात. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. पंज्यापुढे किंवा मजारीपुढे हात जोडून मूल, नोकरी, आजारातून सुटका मागितली जाते, ती नेमकी कोणाकडे? पिराकडे, की पिराला मध्ये घालून अल्लाहकडे? इस्लामी विचारात या विषयाला ‘शफाअत’ म्हणतात, आणि गेली हजारभर वर्षं त्यावर वाद चालू आहे.

मूळ अडचण कुरआनातच आहे. ‘अल-बकरा’ या दुसऱ्या अध्यायातली २५४ वी आयत बजावते की निवाड्याच्या दिवशी देवघेव, दोस्ती, रदबदली यांतलं काहीच चालणार नाही. लगेच पुढची २५५ वी आयत म्हणजे प्रसिद्ध ‘आयतुल कुर्सी’. ती कितीतरी मुस्लिम घरांत दारावर टांगलेली असते. तिच्यात विचारलं आहे की, अल्लाहच्या परवानगीशिवाय त्याच्यापुढे कोणाची रदबदली करण्याची ताकद आहे? म्हणजे आधीच्या आयतीत दार बंद, आणि पुढच्या आयतीत त्याच दाराला परवानगीची कडी. दहाव्या अध्यायात मक्केच्या मूर्तिपूजकांवर ठपका आहे, तो नेमका याच मुद्द्याचा: हे आमचे अल्लाहजवळचे मध्यस्थ आहेत, असं ते आपल्या दैवतांबद्दल म्हणत. दर्ग्यावर टीका करणारा हीच आयत पुढे करतो. दर्ग्याला जाणारा परवानगीच्या आयतीकडे बोट दाखवतो.

पैगंबरांच्या शफाअतीबद्दल मात्र सुन्नींमध्ये फारसा वाद नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत तो प्रसंग आहे. कयामतच्या दिवशी घाबरलेली माणसं आदमकडे जातात, मग नूह, इब्राहीम, मूसा, ईसा यांच्याकडे. प्रत्येक जण पुढच्याचं नाव सांगतो. शेवटी लोक मुहम्मदांकडे येतात. ते आधी सजद्यात पडतात, डोकं वर काढण्याची आज्ञा होते, मगच बोलतात. इथेही परवानगी आधी आणि शब्द नंतर. आठव्या-नवव्या शतकांत भरात असलेल्या मुअतझिला पंथाचा आक्षेप असा की, घोर पाप करून तौबा न करता मेलेला माणूस शिफारशीने सुटू लागला तर न्यायाला अर्थ उरत नाही. बुद्धीला पटणारा आक्षेप आहे. पण सामान्य भाविकाला न्यायापेक्षा माफीची गरज जास्त असावी. मुअतझिला मागे पडले आणि पापी माणसासाठीची शफाअत सुन्नी श्रद्धेत कायम झाली.

खरी फूट पडते ती मृत सत्पुरुषाच्या कबरीपाशी. खलिफा उमर यांच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी पैगंबरांचे चुलते अब्बास यांना मध्ये घालून पावसासाठी दुआ मागितली, अशी बुखारीत नोंद आहे. दमास्कसचे इब्न तैमिया म्हणाले, बघा, पैगंबर वारल्यावर उमर त्यांच्या कबरीकडे गेले नाहीत, जिवंत माणसाकडे गेले. विरोधक त्याच नोंदीतून म्हणाले, मध्ये माणूस घातला होता हे तर खरं ना? कबरींच्या यात्रेविरुद्धच्या मतांमुळे इब्न तैमियांना कैद झाली आणि १३२८ मध्ये ते कैदेतच वारले.

हा वाद हिंदुस्थानात पेटला तो शाह इस्माईल देहलवींच्या ‘तक्वियतुल ईमान’ या उर्दू पुस्तकाने. संस्थानी कोल्हापूरच्या माणसाला सहज कळेल असा दरबारी दाखला त्यांनी घेतला होता. चोर पकडला जातो. राजा त्याला कधी वजनदार सरदाराच्या भिडेपोटी सोडतो, कधी लाडक्याच्या प्रेमापोटी. तिसऱ्या वेळी राजाच्याच मनात माफ करायचं असतं. ते ओळखून कोणी शब्द टाकतो आणि राजा तो मानतो. अल्लाहच्या दरबारात यातला फक्त तिसरा प्रकार चालतो, असं शाह इस्माईल यांचं म्हणणं. यावर फज्ले हक खैराबादी तुटून पडले: अल्लाहने स्वतःच्या प्रिय माणसांना स्वतःच मान दिला असेल, तर तो नाकारणारे तुम्ही कोण? शाह इस्माईल १८३१ मध्ये बालाकोटच्या लढाईत मारले गेले. खैराबादींना १८५७ च्या उठावानंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८६१ मध्ये ते अंदमानातच गेले. वाद त्यांच्यामागे उरला. अहमद रझा खान बरेलवी (१८५६–१९२१) यांनी खैराबादींची बाजू पुढे नेली. अहले हदीसवाल्यांनी मृतांचा वसीला, म्हणजे त्यांना मध्ये घालून मागणंच, नाकारलं. १८६६ मध्ये सुरू झालेल्या देवबंदच्या मदरशातले उलमा मधल्या वाटेने गेले: वसील्याने दुआ मागायला हरकत नाही, पण कबरीपुढे सजदा नको आणि नवस अल्लाहशिवाय कोणाला बोलू नये.

नवसाचा मुद्दा कोल्हापूरच्या मुळाशीच येतो. बखरी सांगतात की वेरूळच्या मालोजी भोसल्यांना मूल नव्हतं, अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केल्यावर दोन मुलगे झाले आणि त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. शरीफजी हे नाव तर अन्यथा कुठून यावं? कोल्हापूरची गादी याच घराण्याची. त्याच गादीवर आलेले शाहू महाराज मूळचे कागलकर घाटग्यांचे, आणि कागलात गैबी पिराचा उरूस साऱ्या गावाचा असतो. लोक या गैबीला गहिनीनाथ म्हणूनही मानतात. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला (कबरीवर चढवायच्या चादरीला) मान आहे. तिथेच गायक अब्दुल करीम खाँ दुखण्यातून उठले ते दर्ग्यात गाऊन, अशी आख्यायिका आहे. १९३७ मध्ये ते वारले, त्यांची कबर त्याच आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. मिरजेतलं हे गाणं दुआ म्हणायचं की सेवा, याचा निकाल फतवा देणाऱ्या कोणत्याही दारुल-इफ्ताकडून घ्यायला कोणी गेलेलं दिसत नाही.

दर्ग्यातला फातिहा नीट ऐकला तर एक गंमत लक्षात येते. मुजावर कुरआनातला भाग म्हणतो, दरूद म्हणतो आणि त्याचं पुण्य पिराच्या आत्म्याला पोहोचावं अशी अल्लाहला विनंती करतो. म्हणजे आधी जिवंत माणूस मेलेल्या पिरासाठी मागतो. भाविकाची अडचण त्यानंतर येते. पीर स्वतःच देतो, हे फातिह्याच्या शब्दांत कुठेच नसतं. ते मागणाऱ्याच्या मनात असतं, आणि मौलवींची तक्रार मनाबद्दलच असते.

मात्र शफाअतीची चर्चा दर्ग्याच्या उंबऱ्यावर अडकून पडते, हे चुकीचं आहे. तिची सर्वांत पक्की, सर्व सुन्नी पंथांना मान्य अशी जागा रोजच्या उपासनेत आहे. अजान संपल्यावरच्या दुआत पैगंबरांसाठी ‘वसीला’ हे उच्च स्थान मागितलं जातं, आणि ती म्हणणाऱ्याला त्यांची शफाअत मिळेल असं हदीस सांगते. त्याहून ठळक उदाहरण जनाजाच्या नमाजचं. तिच्यात रुकू नाही, सजदा नाही. उभ्यानेच चार तकबीर आणि मृतासाठी दुआ. अल्लाहशी कोणाला भागीदार न मानणारे चाळीस जण जनाजाला उभे राहिले तर त्यांची शिफारस कबूल होते, अशी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. बागल चौकातल्या कब्रस्तानात कोणा साध्या माणसाला निरोप देताना रांगा भरलेल्या असाव्यात, अशी घरच्यांची धडपड का असते, ते यातून कळतं. इथे शिफारस करणारा पीर नसतो. रिक्षावाला असतो, गवंडी असतो, शेजारचा दुकानदार असतो. लहान मूल गेलं तर हनफी पद्धतीच्या दुआत त्याच्यासाठी माफी मागतच नाहीत. उलट त्या मुलाने आपली शिफारस करावी आणि ती मान्य व्हावी, असं मोठी माणसं मागतात. मध्यस्थीचा इतका कडक हिशेब ठेवणाऱ्या धर्माने ती चाळीस शेजाऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला देऊन ठेवली आहे, ही गोष्ट दर्गाविरोधी पत्रकांत येत नाही आणि उरुसाच्या फलकांवरही नाही.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं आणि कुरआन मराठीत आणण्यासाठी पैसा दिला. आपला ग्रंथ आपल्या भाषेत वाचता आला तर पिराच्या दारी काय मागायचं आणि काय नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येईल, असा त्यात हिशेब असावा असं वाटतं. अलीकडे जिल्ह्यात दर्ग्यावरून जे पेटलं, त्यात मात्र असल्या बारकाव्यांना जागा नव्हती. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाजवळच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ले झाले. भांडण गडावरच्या अतिक्रमणांचं होतं. गडावर ज्यांचा दर्गा आहे त्या मलिक रेहानबाबांकडे दोन्ही धर्मांचे लोक काय मागायला जातात, याची विचारपूस कोणी केली नाही.

राहता राहिला तालमीतला हिंदू नवसकरी. शफाअतीचे ग्रंथ मुख्यतः श्रद्धावंतांबद्दल बोलतात, मग त्याचं काय? उलमांच्या चर्चेत एक अपवाद मात्र वारंवार येतो, तो पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांचा. त्यांनी इस्लाम स्वीकारला नाही, पण पुतण्याची पाठराखण आयुष्यभर केली. पैगंबरांच्या शिफारशीमुळे त्यांची शिक्षा हलकी होईल, असं बुखारी-मुस्लिममध्ये आहे. पूर्ण सुटका मात्र नाही. बहुतेक भाष्यकार ही सवलत एकट्या अबू तालिब यांच्यापुरती धरतात. बाबूजमालच्या कमानीवर गणपती कोरलेला आहे. तिच्याखालून आत जाणाऱ्यांपैकी अबू तालिब यांची गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असेल, आणि मुजावर नाव विचारतो ते फातिह्यात घेण्यासाठी.