फटक्याआधीचा पवित्रा

गोल्फच्या खेळात चेंडू स्थिर असतो, आणि या खेळातील बहुतेक अडचणींचे मूळ त्या स्थिरतेतच आहे. क्रिकेटमध्ये अथवा टेनिसमध्ये चेंडू खेळाडूवर चालून येतो, विचाराला फुरसत उरत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हातापायांना जो हुकूम दिला असेल तोच त्या क्षणी बजावला जातो. इथे मात्र १.६८ इंच व्यासाचा तो चेंडू गवतावर निमूट पडून असतो, आणि तो कोठे धाडायचा, कोणत्या क्लबने धाडायचा, वारा कोठून वाहतो आहे, याचा विचार करण्यास खेळाडूला अवसर मिळतो. परंतु एकदा का वर गेलेला क्लब खाली येऊ लागला, की सुमारे पाव सेकंदात सारे आटोपते. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढाच टिकतो. इतक्या स्वल्प अवधीत झालेली चूक ओळखावी व ती सुधारावी, हे मनुष्याच्या मज्जासंस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून चेंडूपुढे कसे उभे राहावे, क्लब कसा धरावा, शरीराचा व क्लबचा रोख कोणीकडे ठेवावा, या ज्या गोष्टी फटक्याला आरंभ होण्यापूर्वी सावकाशीने ठरवता येतात, त्यांच्यावरच फटक्याचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे माझे मत आहे. आणि ज्या हौशी खेळाडूंना आपली प्रगती खुंटल्याचे वाटते, त्यांच्यापैकी बहुतेकांचा दोष फटक्यात नसून या पूर्वतयारीत असतो, असेही मला वाटते.

यांपैकी रोखाचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि त्याचे कारण डोळ्याच्या स्थानात आहे. बंदूक चालवणारा नेमबाज आपला डोळा नळीच्या मागे, नेमक्या त्याच रेषेत आणतो. बिलियर्ड खेळणारा टेबलावर ओणवा होऊन हनुवटी काठीला टेकवतो. धनुर्धराची दृष्टीही बाणाच्या रेषेला जवळजवळ मिळालेली असते. गोल्फच्या खेळाडूला ही सोय नाही. त्याला लक्ष्याच्या रेषेला बाजू देऊन, तिच्यापासून यार्डभर दूर उभे राहावे लागते, मान खाली घालावी लागते, आणि लक्ष्याकडे पाहायचे झाल्यास ती मान वळवून तिरप्या नजरेने पाहावे लागते. चेंडूच्या मागे उभे राहून जी रेषा सरळ व निःसंदिग्ध दिसत होती, तीच रेषा बाजूला येऊन उभे राहताच वाकडी भासू लागते. उजव्या हाताने खेळणारे बहुसंख्य नवशिके झेंड्याच्या उजवीकडे रोख धरून उभे राहतात आणि आपण अगदी सरळ उभे आहोत अशी त्यांची प्रामाणिक खात्री असते, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. त्यांना योग्य रोखात उभे केले, तर आपल्याला भलतीकडे, पार डावीकडे तोंड करून उभे केले आहे, अशीच त्यांची तक्रार असते.

योग्य रोख म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी शिक्षक रेल्वेच्या रुळांचा दाखला देतात. बाहेरच्या रुळावर चेंडू, क्लबफेस (क्लबची चेंडूला भिडणारी बाजू) आणि लक्ष्य. आतल्या रुळावर पावले, गुडघे, कंबर आणि खांदे. दोन्ही रूळ समांतर, म्हणून शरीराची रेषा झेंड्यावर न जाता त्याच्या किंचित डावीकडे जावयाची. दाखला समर्पक आहे. मात्र त्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की पावलांची रेषा थेट झेंड्यावर धरली, एवढ्यानेच मोठा अनर्थ ओढवतो. हिशेब करून पाहिला तर तसे दिसत नाही. चेंडू आणि पावले यांतील अंतर यार्डभराचे. दोनशे यार्डांच्या पल्ल्यावर तेवढ्याने पडणारा फरक अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. खरा घोटाळा मान वळवून पुन्हापुन्हा झेंड्याकडे पाहताना होतो. प्रत्येक वेळी नजर मागोमाग खांद्यालाही थोडे खेचते, खांद्यांच्या मागून कंबर आणि पावले सरकतात, आणि चारदोन वेळा असे झाले की मूळचा समांतर पवित्रा पाच-सहा अंशांनी उजवीकडे फिरून बसतो.

हे पाच-सहा अंश किती महाग पडतात ते पाहण्यासारखे आहे. दोनशे यार्डांवर एका अंशाची चूक चेंडूला सुमारे साडेतीन यार्ड बाजूला नेते, पाच अंशांची चूक सुमारे साडेसतरा यार्ड. फेअरवेची रुंदी सामान्यतः तीस-पस्तीस यार्डांची असते. म्हणजे मध्यावर नेम धरून, निर्दोष फटका मारूनही, केवळ रोख चुकल्यामुळे चेंडू उंच गवताच्या काठाशी जाऊन पडतो. ग्रीनवर अंतर लहान असले तरी निकष अधिक कठोर होतो. भोकाचा व्यास ४.२५ इंच, दहा फुटांवरून सपाट जमिनीवर मारलेला पुट एका अंशाने चुकला तर चेंडूचा मध्य भोकाच्या ऐन कडेशी पोहोचतो, आणि दोन अंशांनी चुकला तर चेंडू भोकाला न शिवताच निघून जातो.

परंतु चेंडू बाजूला पडणे, एवढेच नुकसान असते तर ते सोसता आले असते. चुकीचा रोख फटक्यालाच बिघडवतो, आणि हीच या विषयातील सर्वांत महत्त्वाची व सर्वांत कमी ध्यानात घेतली जाणारी गोष्ट होय. शरीर उजवीकडे वळलेले असले तरी झेंडा कोठे आहे याची जाणीव मनाच्या कोपऱ्यात जागी असते. क्लब खाली येऊ लागताच ती जाणीव आपला अंमल बसवते, उजवा खांदा पुढे ढकलला जातो आणि क्लब बाहेरून आत असा कापत येतो. चेंडू कोणत्या दिशेने सुटेल हे बहुतांशी क्लबफेसच्या रोखावर ठरते, आणि तो हवेत किती वळेल हे त्या रोखात व क्लबच्या मार्गात किती अंतर पडले यावर. ही उपपत्ती थिओडोर जॉर्गेन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या ‘द फिजिक्स ऑफ गोल्फ’ या ग्रंथात मांडली, आणि पुढे रडारयंत्रांनी चेंडूचे उड्डाण मोजता येऊ लागल्यावर ती सर्वमान्य झाली. त्यापूर्वी कित्येक पिढ्यांना याच्या उलट, म्हणजे आरंभीची दिशा क्लबचा मार्ग ठरवतो, असे शिकवले जात होते. तेव्हा बाहेरून आत येणाऱ्या क्लबचा फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला, की चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो. खेळाडूला हा वळलेला चेंडू दिसतो. उजवीकडे वळलेला आपला पवित्रा दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून तो पुढच्या फटक्याला पावले डावीकडे वळवतो, त्यामुळे क्लबचा मार्ग अधिकच आडवा होतो, आणि चेंडू पूर्वीपेक्षाही जास्त वळतो. मग मनगटे, कोपर, डोके यांच्या हालचालींची झडती सुरू होते आणि नवे क्लब खरेदी करण्यापर्यंत मजल जाते. ज्याने मनापासून कष्ट केले आहेत अशा माणसाची ही अवस्था पाहून मला फार वाईट वाटते, कारण आरंभीच कोणी त्याच्या मागे उभे राहून दोन शब्द सांगितले असते तर ही सारी वणवण टळली असती.

अमेरिकेचे जॅक निकलॉस यांनी या अडचणीवर जो तोडगा काढला तो त्यांच्या ‘गोल्फ माय वे’ या १९७४ सालच्या पुस्तकामुळे जगभर प्रसृत झाला. प्रथम चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्याची रेषा डोळ्यांत भरून घ्यावयाची. मग त्याच रेषेवर चेंडूपुढे काही फुटांवर एखादी खूण, वाळलेले पान, गवताचा वेगळ्या रंगाचा ठिपका, हेरावयाची. आणि शेकडो यार्डांवरच्या झेंड्याऐवजी त्या जवळच्या खुणेवर क्लबफेस काटकोनात लावावयाचा. क्लबफेस आधी, पावले त्याच्या अनुरोधाने नंतर, हा क्रम त्यात कळीचा आहे. बाजूला उभ्या असलेल्या डोळ्याला दूरची रेषा फसवते, पण पावलाजवळच्या खुणेबाबत त्याची फसगत होण्याचा संभव फारच थोडा. निकलॉस फटक्यापूर्वी बराच वेळ घेत; त्यांच्या त्या संथपणाबद्दल टीकाही झाली, परंतु तो वेळ याच कामी खर्च होत असे. ओहायो प्रांतातील सायोटो क्लबमध्ये बालवयात ज्यांनी त्यांना हा खेळ शिकवला त्या जॅक ग्राउट यांच्याकडे ते मोसमाच्या आरंभी परत जात आणि क्लब धरण्यापासून व उभे राहण्यापासून उजळणी करीत. अठरा प्रमुख स्पर्धा जिंकणाऱ्या पुरुषाने आपल्या गुरूपुढे अशा प्राथमिक गोष्टी घेऊन उभे राहावे, यातील शालीनता मला त्यांच्या विजयांइतकीच थोर वाटते.

अमेरिकेचेच दुसरे खेळाडू बेन होगन यांनी १९५७ साली लेखक हर्बर्ट वॉरन विंड यांच्या साहाय्याने ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक सिद्ध केले. त्यातील पहिला पाठ क्लब धरण्याचा, दुसरा पवित्र्याचा, नंतरचे दोन प्रत्यक्ष फटक्याचे, आणि पाचवा उजळणीचा. म्हणजे ज्या चार पाठांत नवीन प्रतिपादन आहे त्यांतील निम्मे, क्लब जागचा हलण्यापूर्वीच्या व्यवस्थेला दिलेले आहेत. होगन यांच्याइतका चिकित्सक खेळाडू ही वाटणी विनाकारण करणार नाही. कारकीर्दीच्या आरंभी त्यांचा चेंडू भलताच डावीकडे वळत असे, आणि तो दोष ताब्यात आणण्यात क्लबवरील पकड बदलण्याचा वाटा मोठा होता. उजवे पाऊल काटकोनात, डावे बाहेरच्या बाजूस थोडे वळवलेले, ही त्यांनी घालून दिलेली व्यवस्था आजही थोड्याफार फरकाने शिकवली जाते. चेंडूच्या जागेविषयी मात्र जाणत्यांत एकमत नाही. होगन यांच्या मते चेंडू सर्व क्लबांसाठी डाव्या टाचेच्या समोर एकाच ठिकाणी राहावा आणि क्लब आखूड होत जाईल तसे उजवे पाऊल जवळ घ्यावे. पुष्कळ शिक्षक ड्रायव्हरसाठी डावी टाच मुक्रर करतात, पण आखूड आयर्नसाठी चेंडू पवित्र्याच्या मध्यावर आणतात. नवशिक्याने दोन्हींपैकी एक पद्धत पत्करून तिच्याशी इमान राखावे, एवढेच इथे पुरेसे आहे.

सरळ रोखाच्या या आग्रहाविरुद्ध दाखले आहेतच, आणि ते दडपून ठेवणे योग्य होणार नाही. दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक लक्ष्याच्या खूप उजवीकडे रोख धरीत आणि चेंडू मोठ्या कमानीने डावीकडे आणून सोडीत. याच रीतीने त्यांनी १९४९ ते १९५७ या काळात ब्रिटनची ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली. टेक्सासचे ली ट्रेव्हिनो याच्या नेमके उलट, डावीकडे पावले वळवून उभे राहत आणि चेंडू उजवीकडे आणीत. सहा प्रमुख स्पर्धा त्यांच्या नावावर आहेत. परंतु या दोघांना आपण किती अंश कोणीकडे वळलो आहोत याचे पक्के ज्ञान होते, आणि ते वळण फटक्यागणिक तेच राहत असे. ज्याचा रोख एका फटक्याला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे जातो, आणि दोन्ही वेळा ज्याला आपण सरळच उभे आहोत असे वाटते, त्याने लॉक वा ट्रेव्हिनो यांचा आधार घेणे गैर होय.

योग्य रोख धरणे हा खेळाच्या कौशल्याचा भाग आहे, ही गोष्ट नियमकर्त्यांनीही आता कायद्यात दाखल करून घेतली आहे. १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार, खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यापासून फटका मारीपर्यंत कॅडीने त्याच्या मागे चेंडूच्या रेषेत मुद्दाम उभे राहण्यास मनाई झाली. तसेच पावलांचा रोख ठरवण्यासाठी क्लब किंवा दुसरी वस्तू जमिनीवर ठेवून पवित्रा घेतला, तर फटक्यापूर्वी ती वस्तू उचलली तरीही दंड होतो. त्याच महिन्यात दुबईच्या स्पर्धेत चीनचे ली हाओतोंग यांना शेवटच्या भोकावर कॅडीविषयीच्या कलमाखाली दोन फटक्यांचा दंड झाला आणि ते संयुक्त तिसऱ्या स्थानावरून संयुक्त बाराव्या स्थानी घसरले. त्यांचा हेतू शुद्ध होता, आणि कॅडी त्यांना रोख दाखवीत होता असेही दिसत नव्हते. पण नियमात हेतूची चौकशी नव्हती. निर्णयाच्या कठोरपणाविषयी पुष्कळ चर्चा झाली, आणि पुढच्याच महिन्यात नियमकर्त्यांना खुलासा प्रसिद्ध करावा लागला. त्या प्रसंगी नियमाची जी अंमलबजावणी झाली तिच्याविषयी मतभेद असू शकतो, परंतु नियमामागील तत्त्व मला सर्वस्वी मान्य आहे.

सरावाच्या मैदानावर मात्र अशी मनाई नाही, आणि तेथे जमिनीवर कांड्या ठेवून रोख तपासण्याची चाल जगातील अग्रगण्य व्यावसायिकांमध्येही रूढ आहे. येरवड्याच्या वा चेंबूरच्या मैदानावर जाणाऱ्या आपल्याकडील हौशी खेळाडूंनी ती अवश्य उचलावी. एक कांडी चेंडूच्या थोडी पलीकडे, लक्ष्याच्या दिशेने. दुसरी तिला समांतर, पावलांच्या टोकांशी. मात्र कांड्यांच्या आधारावरच सारा सराव केला तर डोळा आळशी होतो, म्हणून दर दहा-पंधरा चेंडूंनंतर त्या बाजूला ठेवून नुसत्या नजरेने पवित्रा घ्यावा, मग न हलता एक क्लब पावलांच्या टोकांशी व दुसरा चेंडूमागे क्लबफेसच्या रोखाने ठेवावा, आणि मागे जाऊन ते कोणीकडे पाहत आहेत हे तपासावे. खांद्यांची परीक्षा वेगळी घ्यावी, कारण पावले समांतर असूनही खांदे उघडे, म्हणजे डावीकडे वळलेले, राहणे ही चूक, विशेषतः चेंडू फार पुढे ठेवणाऱ्यांमध्ये, वारंवार आढळते. त्यासाठी एक क्लब छातीवर आडवा धरून त्याचे टोक कोठे जाते ते सोबत्याला पाहावयास सांगावे. नव्या विद्यार्थ्याला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी इतकेच करावे, आणि त्याचा फटका कसा आहे हे दुसऱ्या दिवशी पाहावे.