रंग उडाला, अर्थही उडाला!

मेरिट लिस्टमध्ये नाव तर सापडलं. पण अ‍ॅडमिशन कन्फर्म की वेटिंग? समजा, कॉलेजच्या एक्सेल शीटमध्ये हिरवी ओळ म्हणजे कन्फर्म आणि पिवळी म्हणजे वेटिंग. वेबसाइटवर चढताना मात्र सगळ्याच ओळी पांढऱ्याफटक झाल्या. आता काय, खांदा कॉलनीतून रिक्षा करून फक्त रंग विचारायला ऑफिसात जायचं?

असं होतं, कारण शीट सीएसव्हीमध्ये सेव्ह केली की नुसती अक्षरं आणि आकडे उरतात. रंग, बोल्ड, मर्ज केलेले सेल सगळं गळतं. फाइलमध्ये चार शीट असतील, तर समोर उघडी असलेली एकच जाते. एक्सेलच्या 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'वेब पेज' निवडलं तर रंग आणि मर्ज सेल बरेचसे टिकतात. पण मागचा कोड भलताच फुगतो. गुगल शीट्सचं 'पब्लिश टू वेब' त्यापेक्षा सुटसुटीत. मूळ शीट सुधारली की थोड्या वेळाने पानही सुधारतं. फक्त ते सगळ्या जगाला दिसतं, म्हणून मोबाइल नंबरचा कॉलम आधी काढा!

दुसरी गोची शून्याची. पनवेलचा एसटीडी कोड ०२२. साध्या सेलमध्ये टाइप केलात की उरतो २२. रोल नंबरचंही तेच. म्हणून सेलला आधीच 'टेक्स्ट' फॉरमॅट द्या. हसू नका, शास्त्रज्ञही यात अडकलेत. 'मार्च१' नावाच्या जनुकाला एक्सेल तारीख समजायचं. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली!

मराठी शीट असेल तर फॉन्ट तपासा. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात. वाचणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसला, की नावाच्या जागी इंग्रजी खिचडी दिसते. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच हवा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? 'स्टेटस' नावाचा एक कॉलम. त्यात सरळ 'कन्फर्म' किंवा 'वेटिंग' लिहायचं. रंग उडाला तरी शब्द राहतो. शिवाय स्क्रीन रीडरवर लिस्ट ऐकणाऱ्या अंध मित्राला पिवळा रंग ऐकू येत नाही. 'वेटिंग' मात्र येतं. फेस्टचं शेड्यूल असो की प्रॅक्टिकलच्या बॅचेस, लिंक ग्रुपवर टाकण्याआधी एकदा स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघाच.